केक ओव्हनमध्ये असताना हातात सुई

तुझा निरोप दोनदा वाचला. वर्षभरापूर्वी तू बेकिंग आणि क्रोशे असे दोन नाद एकदम लावून घेतलेस. नोकरी करून संध्याकाळी साडेसहाला घरी येतेस. आजवर नऊ वेगवेगळे केक केलेस, त्यातले तीन मधोमध बसले. शाल सात महिने अर्धीच पडून आहे. आईच्या जुन्या इंग्रजी पुस्तकातून चहाच्या कपाखाली ठेवायचं गोल कोस्टर विणलंस, त्याची वाटी झाली. सासूबाई विजेच्या बिलाचा विषय काढतात आणि नवरा म्हणतो, एवढं करतेस तर विकत का नाहीस? दोन्हीतलं काय सोडू आणि उरलेलं रोज कसं करू, असं विचारलं आहेस.

दोन्ही ठेव. सोडायचाच असेल तर दहावा केक सोड. पुढचे तीन महिने ओव्हनमध्ये एकच पदार्थ आणि सुईवर एकच नमुना, एवढं ठरव. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, मला ठाऊक आहे. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी अठ्ठावीस वर्षं हे दोन्ही शिकवते आहे. येणाऱ्या मुली बहुतेक याच एका जागी अडकतात. मोबाइलवर दर दोन मिनिटांनी नवा पदार्थ दिसतो, दर आठवड्याला तो करून बघायचा, आणि वर्षाअखेरीस हाताला काहीच ओळखीचं झालेलं नसतं. नऊ केक नऊ प्रकारचे केलेस, म्हणजे प्रत्येक केक तू पहिल्यांदाच केलास.

मला हे शिकवलं माझ्या सासूबाईंनी, आणि तेही हलव्यावर. लग्नानंतरची पहिली संक्रांत जवळ आली होती. माझे हलव्याचे दागिने घरीच करायचे असं त्यांनी ठरवलं होतं. डिसेंबरच्या शेवटी इंदूरला पहाटे चांगली हुडहुडी भरते, आणि त्यांना तीच वेळ हवी असे. मंद शेगडीवर पितळेची परात, परातीत खसखस आणि तीळ, शेजारी वाटीत साखरेचा पाक. पाकाची मळी दुधाचा शिपका देऊन आधीच काढलेली. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. कोरडे झाले की पुन्हा चमचाभर. बस. दोन तास तेच, दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटून लाडू होतो आणि आंच वाढली की हलवा पिवळा पडतो. काटा यायला लागतो तो तिसऱ्या दिवशी, तोही बोटं पुरेशी भाजल्यावर. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, बाजारात मिळतो की तयार. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मिळतो. तू हात चालू ठेव."

तो हलवा मग सुई-दोऱ्याने ओवून बांगड्या, मंगळसूत्र, बिंदी केली. स्वयंपाकघर आणि शिवणकाम या दोन वेगळ्या खोल्या आहेत असं तेव्हापासून मला कधी वाटलं नाही. तू दोन छंद म्हणतेस, मला तो एकच वाटतो, आणि ते कसं ते पुढे सांगते.

आधी ओव्हन. तुझा एकच पदार्थ नानखटाई असू दे. केकपेक्षा ती जास्त क्षमाशील आहे, आठवडाभर टिकते, आणि तुझ्या घरातल्या जुन्या माणसांना ती अनोळखी नाही. आमच्या लहानपणी घरून मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत न्यायचे आणि बिस्किटं भाजून पत्र्याच्या डब्यात भरून आणायचे. तुझ्या सासूबाईंनीही तो डबा सायकलच्या कॅरिअरला बांधलेला पाहिला असेल. विचारून बघ.

प्रमाण वजनाने देते. वाटीने देणार नाही, आणि त्याचं कारण आहे. व्हिडिओतला कप बहुधा २४० मिलीलिटरचा असतो आणि आपली आमटीची वाटी १५० च्या आसपास. त्यात कोणी मैदा दाबून भरतं, कोणी चाळून. तुझे तीन केक बसले त्यातला निदान एक या वाटीने बसवला असणार. वजनाचा छोटा काटा घे, ओव्हनइतकाच तो महत्त्वाचा आहे.

तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर ९०, मैदा १२०, बेसन ३०, बारीक रवा २०, घट्ट दही एक चमचा, खाण्याचा सोडा चिमूटभर (छोट्या चमच्याचा आठवा भाग, त्याहून कणभरही जास्त नको), वेलदोडा आणि अगदी थोडं जायफळ. यात साधारण वीस होतात. तूप साजूक, थिजलेलं, दाणेदार हवं. वितळलेलं तूप घेतलंस तर ट्रेवर नानखटाईच्या पुऱ्या होतील, कारण पिठाला आकार धरायच्या आत तूप पसरतं. तूप आणि साखर हाताने फेस. रंग पांढरट झाला आणि बोटांना हलकं लागलं की थांब. त्यात दही आणि सोडा, मग चाळलेली पिठं. पिठं घातल्यावर मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलंस की मैद्यातला चिवटपणा जागा होतो, आणि मग ती नानखटाई राहात नाही, सुकी पुरी होते.

गोळे करून, थोडे दाबून ट्रेवर लांब लांब ठेव. मे महिन्यात आपलं स्वयंपाकघरच भट्टी झालेलं असतं, तेव्हा ट्रे पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग भाज. ओव्हन दहा-पंधरा मिनिटं आधी तापव, १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. बाहेर काढल्यावर त्या मऊच लागतील आणि तू घाबरून पुन्हा आत घालशील. घालू नकोस. गार झाल्यावर तूप-साखर थिजते आणि मग त्या खुसखुशीत होतात. सगळे एकदा तरी हा ट्रे करपवतात. मी दोनदा करपवला.

१६० अंश म्हणजे तुझ्या ओव्हनचे १६० नव्हेत, हेही ध्यानात ठेव. छोट्या ओटीजीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनच्या, बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांचं फारसं सख्य नसतं. माझ्या ओव्हनला वीस अंश जास्त मोजायची सवय आहे. आत टांगायचा थर्मामीटर मिळतो, तो घे. नाहीतर सलग सहा वेळा नानखटाई कर, ओव्हनचा मागचा डावा कोपरा जास्त तापतो की पुढचा, हे तुला आपोआप कळेल. एकच पदार्थ करायला सांगते तो यासाठी. पदार्थ तोच राहिला की फरक कशाने पडला ते सापडतं. जिन्नसही बदलला, डबाही बदलला, तापमानही बदललं, तर दोष कोणावर ठेवणार?

बसलेल्या केकबद्दल थोडक्यात सांगते. केक मधोमध बसतो कारण आतलं पीठ शिजून घट्ट व्हायच्या आत त्यातली हवा निघून जाते. दार लवकर उघडलं, ओव्हन पुरता तापला नव्हता, सोडा जास्त पडला, किंवा केक कच्चाच बाहेर काढला, यांतलं काहीतरी एक. दही-सोड्याचं मिश्रण कालवल्याबरोबर फुलायला लागतं, तेव्हा ते झटकन आत गेलं पाहिजे. फोन घ्यायला थांबलीस तर फुगा ओट्यावरच फुटला. वेळेचा दोनतृतीयांश भाग होईपर्यंत दाराला हात लावायचा नाही. मग मधोमध सुई घालून पाहायची. मी माझी जुनी स्टीलची विणायची सुईच वापरते, स्वच्छ धुऊन. तुझा केक जानेवारीत काढू, आता नाही.

आता कोस्टरची झालेली ती वाटी. ती वाचून मी हसले, कारण चूक तुझी नव्हतीच. आईचं पुस्तक बहुधा इंग्लंडच्या पद्धतीचं असेल आणि तू टाके शिकलीस अमेरिकन बाईंच्या व्हिडिओवरून. ब्रिटिश पुस्तकात ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब, छोटा, ठेंगणा. अमेरिकन व्हिडिओत डबल क्रोशे म्हणजे आपला पूर्ण खांब, त्याच्या दुप्पट उंच. नाव एक, टाके दोन. पुस्तकाने सांगितलं दर फेरीला सहा टाके वाढव, ते मुक्या खांबासाठी. तू सहाच वाढवलेस आणि विणलेस मात्र खांब.

त्यामागचं गणित सोपं आहे. गोल जसजसा मोठा होतो तसा त्याचा घेर दर फेरीला टाक्याच्या उंचीच्या सव्वासहा पटीने वाढतो. मुका खांब जेवढा उंच तेवढाच साधारण रुंद असतो, म्हणून फेरीला सहा टाके वाढवले की पुरतं. खांब रुंदीच्या दुप्पट उंच, म्हणून त्याला बारा हवेत. कमी वाढवलेस की कडा वर उचलली जाते आणि वाटी होते. जास्त वाढवलेस की झालर होते. म्हणजे मुक्या खांबाने ६, १२, १८, २४ आणि खांबाने १२, २४, ३६, ४८. एवढं पाठ असलं की कोणताही गोल तू नमुन्याशिवाय विणू शकतेस. आपल्या मराठी नावांत हा घोटाळाच होत नाही, खांब म्हणजे खांब. म्हणून मी वर्गात साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब हेच शब्द वापरते. एक दोन मुली सुरुवातीला नाक मुरडतात, मग वळतात.

तुझा सुईवरचा एकच नमुना हाच, चार फेऱ्यांचा गोल. आठ पदरी सुती दोरा आणि साडेतीन किंवा चार मिलिमीटरची सुई. सुयांचा सगळा संच कपाटात ठेवून दे, तीनच महिने. चार फेऱ्यांत मिळून १२० खांब होतात आणि कपाखालचं आसन साधारण दहा-अकरा सेंटिमीटरचं भरतं. नवशिक्या हाताला त्याला पाऊण तास लागतो.

आता दोन्ही जोड. नानखटाईचे दोन ट्रे एकामागून एक भाजायला चाळीस मिनिटं लागतात. त्या वेळात तू काय करतेस? मोबाइल बघतेस, नाहीतर दार उघडून बघतेस. भाजण्याच्या कामात निम्म्याहून जास्त वेळ नुसता थांबण्याचा असतो, आणि विणकामाला हात लागतात, डोकं फारसं लागत नाही. ओव्हनची घंटी वाजेपर्यंत स्वयंपाकघरातच स्टुलावर बसून विण. वासाकडे नाक आणि दोऱ्याकडे हात. पहिल्या ट्रेला दोन फेऱ्या होतील. दुसऱ्या ट्रेला बाकीच्या दोन जमल्या तर ठीक, नाही जमल्या तर चौथी फेरी उद्या चहाच्या वेळी. माझ्या घरात ओव्हनच्या शेजारी खिळ्याला एक कापडी पिशवी टांगलेली आहे, तिच्यात फक्त चालू काम असतं. ती पिशवी खोलीत गेली की काम महिनाभर बंद पडतं, हा अनुभव आहे. तूप लागलेले हात मात्र आधी साबणाने धू. माझ्या पहिल्या पांढऱ्या रुमालावर वेलदोड्याचा वास तीन धुण्यांनंतरही होता.

रोज ओव्हन लावायचा नाही हेही सांगून ठेवते. आठवड्यातून एकदा भाजणं, आणि बाकीचे दिवस वीस मिनिटं दोरा, तेवढं रोज झालं म्हणजे पुष्कळ. ज्या दिवशी ऑफिसातून थकून आलीस त्या दिवशी एक फेरीही नाही विणली तरी पोलीस येत नाहीत. मनगट दुखत असेल तर तर मुळीच नाही. दुखऱ्या हाताने विणलेले टाके आवळले जातात आणि नंतर उसवावेच लागतात.

बिलाचं उत्तर सासूबाईंना हिशेबानेच दे. १५०० वॉटचा ओव्हन चाळीस मिनिटं सतत तापला तरी एक युनिट होतं, आणि तो मधून मधून बंद होत असल्यामुळे त्याहून कमीच. पण माझं ऐकशील तर आधी रविवारी त्या ओव्हनमध्ये बाफले, म्हणजे आधी उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे, कर. इंदूरच्या घरात ओव्हनला बाफल्यानेच प्रवेश मिळतो. जाडसर कणकेत तुपाचं मोहन, ओवा, मीठ, थोडं दही, पीठ घट्ट. गोळे उकळत्या पाण्यात सोड. वर तरंगून आल्यावर आणखी थोडे शिजू दे, मग काढून कापडावर पूर्ण कोरडे कर. कोरडे न करता घातलेस तर भाजणं सोडून वाफच निघत राहील. १८० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं, मधून एकदा उलटून. उकडल्याने वरच्या थरातलं पीठ आधीच शिजलेलं असतं, म्हणून कवच पातळ, तुकतुकीत होतं आणि आत भुसभुशीत राहतं. न उकडता थेट भाजलेल्या बाटीचं तसं होत नाही, तिचं कवच जाड. मग फोडून तुपात बुडवणं आलंच. गोवऱ्यांवरच्या बाफल्याचा धुरकट वास याला येणार नाही, ते कबूल करून टाक म्हणजे वाद होणार नाही.

हात बसला की नानखटाईच्याच पिठाचं खारं भावंड कर. साखर फक्त चिमूटभर, मीठ, थोडं जिरं, आणि वरून जिरावन. आपण पोह्यांवर भुरभुरतो तोच मसाला. पुण्याच्या माझ्या बहिणीला हे बिस्किट आधी विचित्र वाटलं, आता ती दर खेपेला डबा रिकामा पाठवते, भरून आणण्यासाठी. पावसाळ्यात मात्र हवाबंद डबा हवा. जूनच्या शेवटी इंदूरची हवा बदलते आणि रात्रभर उघडं राहिलेलं बिस्किट सकाळी लवतं. त्याला पुन्हा १४० अंशांवर सात-आठ मिनिटं दिलीस की सरळ होतं.

पाव करायची ओढ तुला लागेलच, पण ती पुढच्या हिवाळ्यात. मेमध्ये आपल्याकडे चाळीसच्या पुढे पारा जातो, तेव्हा यीस्टचं पीठ तासाभराच्या आत फुगून आंबूस होतं. डिसेंबरात तेच पीठ रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी नीट तयार मिळतं, म्हणून शिकायला थंडीच बरी.

विकण्याबद्दल. मी एकदा विकलं आहे. एका दिवाळीला एका कार्यालयाकडून नानखटाईचे चाळीस डबे आणि प्रत्येकात एक विणलेलं आसन अशी मागणी आली. मी हुरळून हो म्हटलं. आठवडाभर राहिला असताना त्यांनी साठ केले, दोन दिवस आधी रंग बदलायला सांगितला. शेवटची रात्र मी, मुलगी आणि शेजारच्या काकू, तिघी टाके घालत बसलो. पैसे मिळाले, पण त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत मी सुई हातात धरली नाही. काही जणींना व्यवसाय जमतो, त्यांनी जरूर करावा. त्याला खाद्यपदार्थ विकण्यासाठीची एफएसएसएआयची सरकारी नोंदणी, हिशेब, पॅकिंग आणि नाही म्हणायची सवय लागते. तो वेगळा धंदा आहे. तू मला छंदाबद्दल विचारलंस, म्हणून निदान पहिली दोन वर्षं कोणाकडून पैसे घेऊ नकोस. नवऱ्याला सांग, काकूंनी मनाई केली आहे. माझ्या नावावर खपव.

त्याऐवजी दे. वीस नानखटायांतल्या दहा घरात ठेव, दहा शेजारी जाऊ दे. घर मराठी असो की माळवी, आपल्याकडे डबा रिकामा परत करायची रीत नाही. माझ्याकडे गेल्या महिन्यात नानखटाईच्या डब्यातून कैरीचं लोणचं, मूठभर लसूण-शेव आणि एकदा तर कोणाच्या तरी गच्चीवरची तीन लिंबं परत आली.

शालीचं सांगायचं राहिलं. सात महिने अर्धी राहिलेली शाल उसव. हळहळू नकोस. एवढं मोठं काम पहिल्या वर्षी कोणाचंच पुरं होत नाही, आणि कपाटातली अर्धी शाल दर वेळी कपाट उघडलं की तुला टोचते, म्हणून नवं काही हातात घ्यायलाही मन होत नाही. उसवलेली लोकर लगेच गुंड्यात गुंडाळू नकोस, तिला जुन्या टाक्यांच्या वळ्या राहतात. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत लडी कर, चार ठिकाणी दोऱ्याने सैल बांध, कोमट पाण्यात अर्धा तास भिजव, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढ आणि सावलीत टांग. ॲक्रिलिक असेल तर वळ्या पुरत्या जाणार नाहीत, पण विणायला चालेल. सुकल्यावर गुंडे कर आणि थंडीपर्यंत ठेवून दे. नोव्हेंबरात पिशवी घेऊन माझ्याकडे ये, त्या लोकरीचं गळ्याभोवतीचं काहीतरी छोटं करू, दोन आठवड्यांत पुरं होईल असं.

आणि ती वाटी उसवू नकोस. तिच्यात घराच्या किल्ल्या ठेव.